जिप्सीला सुपरचार्जर लावू का, नाना?

या वेळी तीनच पत्रं घेतलीयेत, कारण पहिल्यानंच सगळी जागा खाल्ली. पण विषय असा आहे की जळगाव-धुळ्याकडची निम्मी पोरं हाच विचार डोक्यात घेऊन फिरताहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रश्न : नाना नमस्कार. माझ्याकडे 2003 ची मारुती जिप्सी किंग आहे, एमपीएफआय म्हणजे इंजेक्शनवाली, सॉफ्ट टॉप. यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला आमची केळी आहे, रोज शेतात जाणं-येणं आणि सुट्टीला मित्रांबरोबर पालकडे नाहीतर तोरणमाळला चक्कर. दोन वर्षांपूर्वी 31 इंची टायर टाकले, लिफ्ट केली, पुढे लोखंडी बंपर आणि विंच लावलं. दिसायला एक नंबर झाली पण तेव्हापासून चढाला दम टाकते, तोरणमाळच्या घाटात दुसऱ्यावरून तिसरा टाकला की मरते. मायलेज पण 12 वरून 9 वर आलं. आता एक ओळखीचा जपानी सेकंडहँड सुपरचार्जर लावून देतो म्हणतोय, एएमआर 500, पुली-ब्रॅकेट-पाइप सगळं धरून सव्वा लाख, 80 ची 120 बीएचपी होईल म्हणतो. सकाळी स्टार्टला थोडा निळसर धूर येतो, ऑइल हजार किलोमीटरला अर्धा लिटर टाकावं लागतं, बाकी इंजिन टकाटक आहे. लावू का? – एक वाचक, यावल

उत्तर : भाऊ, "बाकी इंजिन टकाटक" वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. अर्धा लिटर ऑइल पिणारं, निळा धूर सोडणारं इंजिन आणि बाकी टकाटक, म्हणजे बाकी काय उरलं, नंबर प्लेट?

पण धुराचं नंतर, आधी टायर. कंपनीचा 205/70 आर 15 टायर धरला तर त्याची उंची साधारण 668 मिलिमीटर भरते. तुमचा 31 इंची म्हणजे 787. चाक जवळजवळ 18 टक्के मोठं झालं, म्हणजे तुमचे पाचही गिअर तेवढेच लांब झाले आणि जमिनीवरची ओढ 15 टक्के गेली. इंजिनला काहीच झालेलं नाही, तुम्ही त्याला बैलगाडीला ट्रॅक्टरची चाकं लावावी तसं केलंय, वर विंच-बंपरचं एका धडधाकट माणसाएवढं वजन कायमचं पुढे बसवलंय. आता यात ब्लोअर, म्हणजे तुमचा तो सुपरचार्जर, घाला. सहा पीएसआय बूस्टवर, म्हणजे हवेच्या तेवढ्या जादा दाबावर, सगळं नीट जमलं तर, 25 ते 30 टक्के टॉर्क, म्हणजे ओढ, वाढते. टायरमुळं ओढ 100 ची 85 झाली होती, त्या 85 चे 25-30 टक्के वाढवून किती होतात ते कॅल्क्युलेटरवर करून बघा, 106 ते 110. म्हणजे सव्वा लाख घालून कंपनीच्या टायरवर गाडी जशी ओढत होती त्यापेक्षा सहा ते दहा टक्के जास्त. बस.

मायलेजचं पण तेच. चाक मोठं झालं की मीटर कमी पळतो, तुमच्या काट्यावर 60 असतो तेव्हा गाडी 70 ला असते. तुम्ही मीटरवरचे किलोमीटर भागिले लिटर करताय ना, मग 9 चं खरं मायलेज साडेदहाच्या पुढे आहे. गेलंय, पण तुम्हाला वाटतंय तेवढं नाही गेलं.

आता सुपरचार्जर ही काय भानगड आहे ते थोडक्यात. इंजिन स्वतःच्या ओढीनं हवा घेतं, सुपरचार्जर ती हवा बळजबरी कोंबतो, आणि टर्बो जसा एक्झॉस्टच्या धुरावर फिरतो तसा हा नाही, हा पट्ट्यावर क्रँकपासून फिरतो, म्हणजे आधी इंजिनकडून घेतो मग देतो. रूट्स ब्लोअर म्हणतात ते मूळचं गाडीसाठी नव्हतंच, 1860 मध्ये अमेरिकेत रूट्स नावाच्या दोघा भावांनी काढलं, आणि आजही एमआयडीसीत एखाद्या कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीपाशी गेलात तर टाकीत हवा सोडणारं जे ढूंऽऽऽ करत असतं ते बऱ्याचदा त्याच जातीचं असतं. एएमआर 500 म्हणजे जपानच्या आयसिनचा छोटा भाऊ, एका फेऱ्याला 500 सीसी हवा. 1298 सीसीच्या इंजिनला माप म्हणून चुकीचा नाही, ते मी मान्य करतो. आणि खालच्या आरपीएमला लगेच ओढ मिळते, टर्बोसारखी वाट बघावी लागत नाही, दगडधोंड्यात गाडी चालवणाऱ्याला हे आवडणारच. मलाही आवडतं.

पण भाऊ, आपण खान्देशात राहतो. रूट्स ब्लोअर हवा दाबताना ती चांगलीच तापवतो, सहा पीएसआयला 50 अंशांच्या आसपास भर पडते. मे महिन्यात भुसावळात सावलीत 45, बॉनेटखाली त्याहून जास्त, त्यात हे 50 टाका, म्हणजे इंजिनात जाणारी हवा शंभराच्या पुढे. तुमच्या इंजिनचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये हवा जितकी पट दाबली जाते ते, 9 च्या आसपास, त्यावर हा बूस्ट म्हणजे ढोबळ हिशोबानं साडेबाराला गेलं. अशा गरम दाबलेल्या हवेत पेट्रोल प्लगची ठिणगी पडल्यावर नीट सरकत सरकत जळत नाही, उरलेलं एकदम भडकतं. तेच नॉकिंग, आपल्याकडं ज्याला "इंजिन टकटक करतंय" म्हणतात. इंटरकूलर लावला तर बराच फरक पडतो, पण सव्वा लाखाच्या त्या यादीत इंटरकूलर कुठंय?

2014 ला माझ्या एका मित्राच्या जिप्सीला असाच ब्लोअर लागला होता, कुणी लावला ते जाऊ द्या. डिसेंबर-जानेवारीत गाडी अशी पळायची की आम्ही पण खूश. मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चाळीसगावहून कन्नड घाट चढत होतो, एसटीच्या मागून तिसऱ्यावर रेटत, आणि पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज यायला लागला. मी म्हटलं पाय काढ, तो म्हणे भो, वर पोचलो की थांबू. वर पोचलो, पण तीन सिलेंडरवर. खोलल्यावर बघितलं तर तिसऱ्या पिस्टनच्या दोन रिंगांमधली भिंत तुटलेली, नखाएवढा तुकडा गायब, आणि प्लगच्या पांढऱ्या चिनीवर बारीक बारीक चंदेरी ठिपके, पिस्टनचंच ॲल्युमिनियम ते. तो पिस्टन अजून माझ्या टेबलावर आहे, त्यात मी पेनं ठेवतो.

त्याच्या गाडीत चूक काय होती तर पेट्रोल वाढवलंच नव्हतं. एमपीएफआय जिप्सीचा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंतच समजतो, त्याच्या वर मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, काय चाललंय ते त्याला कळतच नाही, कारण कंपनीनं त्याला ते कधी शिकवलंच नाही. हवा 30 टक्के जास्त गेली तर पेट्रोलही तेवढं जास्त पाहिजे आणि ठिणगीचं टायमिंग मागं घ्यायला पाहिजे, म्हणजे मोठे इंजेक्टर, वेगळा ईसीएम नाहीतर त्यालाच जोडायचा जादा डबा (पिगीबॅक), आणि लॅपटॉप घेऊन शेजारी बसून ट्यून करणारा माणूस. असा माणूस आपल्या भागात शोधायला निघालात तर पुणं गाठावं लागेल. शिवाय आता पंपावर ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. त्याचं ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग सोसायची ताकद, चांगलं आहे, नॉकिंग टाळायला ते मदतच करतं, पण इथेनॉल असल्यामुळं तेवढ्याच हवेला पेट्रोलचं प्रमाण आणखी जास्त लागतं आणि 2003 च्या रबरी पाइपांना ते मानवत नाही. ब्लोअर राहू द्या, ते पाइप या आठवड्यातच बदला.

आता धूर. कुठल्याही चांगल्या मेकॅनिककडं कॉम्प्रेशन गेज असतं, चारही प्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण दाबून सेल्फ मारायचा, चारही सिलेंडरचं रीडिंग लिहून घ्यायचं. एकमेकांत 14-15 पीएसआयच्या आत फरक असेल तर ठीक. एखादा खाली असेल तर त्याच्या प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजा, रीडिंग चढलं तर रिंगा गेल्यात, नाही चढलं तर व्हॉल्व्ह. आणि रीडिंग चारही ठिकाणी चांगलं आलं तर व्हॉल्व्ह सील बघा, सकाळी पहिल्या स्टार्टलाच निळा धूर येऊन बंद होणं हे बऱ्याचदा सीलचंच लक्षण असतं, ते स्वस्तात होतं. पण हजाराला अर्धा लिटर म्हणताय म्हणून मला रिंगांचाही संशय आहे, आणि झिजलेल्या रिंगांवर बूस्ट म्हणजे सगळा दाब क्रँककेसमध्ये, म्हणजे खाली ऑइलच्या पोटात, उतरणार, ब्रीदरच्या नळीतून ऑइल परत हवेत, हवेतून परत सिलेंडरमध्ये, आणि हवेत ऑइल मिसळलं की ऑक्टेन पडतं, की पुन्हा तीच टकटक.

रेडिएटरचं पण विचारून ठेवतो. पाणी कुठलं टाकता? बोअरचं टाकत असाल तर एकदा कॅप काढून बोट घालून बघा, चहाच्या भांड्याला बसतो तसा पांढरा थर हाताला लागेल. त्या थरावर साधं इंजिन उन्हाळ्यात कसंबसं निभावतं, ब्लोअरवालं नाही निभावणार.

मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं सांगतो. 31 विकले असते, शौकीन माणूस चांगले पैसे देतो, आणि 235/75 आर 15 टाकले असते. ते 733 मिलिमीटर, ओढ नऊ टक्केच जाते, चिखलात दिसायलाही वाईट नाहीत. 31 च ठेवायचे असा हट्ट असेल तर ट्रान्सफर केसमध्ये लो रेशोचे गिअर बसवा, जिप्सीला मिळतात, इंजिनला हात न लावता ओढ परत येते आणि ती 45 डिग्रीतही तेवढीच राहते. आणि 4एल, म्हणजे फोर-व्हील लो, किती वेळा वापरता? जिप्सीत हायला 1.409 आणि लोला 2.268, म्हणजे लिव्हर ओढला की 1.6 पट ओढ, फुकटात, कंपनीनं दिलेली. मी शेकडो पोरं बघितलीत ज्यांनी विंच लावलं पण लो टाकायचा कंटाळा. फक्त डांबरी कोरड्या घाटात टाकू नका, पुढची-मागची चाकं एकमेकांत अडकून ट्रान्समिशन पिळवटतं, ते कच्च्यासाठीच. तोरणमाळला म्हणाल तर हजार मीटरच्या वर उंची असल्यामुळं तिथं कुठलंही साधं इंजिन दहाएक टक्के कमी ओढतं, ते गाडीचं दुखणं नाही, घाटात दुसऱ्यावरच चला आणि बाहेर बघा.

माझ्या अंदाजानं त्या सव्वा लाखात इंजिनचं काम, रेडिएटर, पाइप आणि टायर, सगळं बसतं.

कागदाचं पण ऐका. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की आरसीत कंपनीनं दिलेली जी माहिती आहे तिच्याशी मेळ तुटेल असा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानं 2019 च्या जानेवारीत तेच ठणकावून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं एकेका बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन्ही. तुमची 2003 ची, म्हणजे 2018, 2023 आणि आता 2028 ला परत पासिंग. तेव्हा बॉनेट उघडल्यावर आत तो चकचकीत ब्लोअर काय सांगून लपवणार? आणि अपघात झालाच तर इन्शुरन्सवाल्याला नाही म्हणायला आयतं कारण. 31 इंची टायर नि लोखंडी बंपर पण याच खात्यात येतात बरं का, ते सांगितलं नाही तर तुम्ही म्हणाल नानांनी सोयीचं तेवढंच सांगितलं.

मी कधी हो म्हटलं असतं? इंजिन नुकतंच बांधलेलं, इंटरकूलर आहे, वेगळा ईसीएम आहे, ट्यूनर आहे, गाडी ट्रेलरवरून स्पर्धेला जाते आणि रस्त्यावर चालतच नाही. तेव्हा खुशाल लावा, मी स्वतः बघायला येईन.

प्रश्न : नानासाहेब, आमच्याकडे वडिलांची महिंद्राची डिझेल 540 जीप आहे, जुनं बिनटर्बोचं इंजिन. डिझेलला टर्बो चालतो म्हणतात, मग आमच्यात लावता येईल का? – शहादा

उत्तर : चालतो हे खरं. डिझेलमध्ये नुसती हवाच दाबली जाते, पेट्रोलसारखी नॉकिंगची भीती नाही, म्हणून टर्बो डिझेलला मुळातच साजतो. पण कंपनी टर्बो देते तेव्हा पिस्टन, त्यांना खालून ऑइलचा फवारा, गॅस्केट, सगळं त्या हिशोबानं देते. तुमच्या जुन्या इंजिनात ते नाही, आणि फिटर लोक टर्बो बसवला की पंपाचं डिझेल वाढवून देतात कारण गिऱ्हाइकाला फरक जाणवायला पाहिजे, मग काळा धूर, मग हेड तापणं. वडिलांची गाडी आहे, नोझल आणि पंप कॅलिब्रेट करून घ्या, निम्मा आळस तिथंच जातो. पूर्ण टर्बो इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी, मग गाडी गॅरेजला, उलट नाही.

प्रश्न : नाना, ऑनलाइन साडेतीन हजाराला इलेक्ट्रिक सुपरचार्जर मिळतोय, 12 व्होल्टचा, एअर फिल्टरच्या पाइपात बसतो. मामांच्या कार्ब्युरेटर जिप्सीला मागवू का? – धुळे, इंजिनिअरिंग सेकंड इयर

उत्तर : अरे सेकंड इयरला आहेस ना, मग गणित कर. 1300 सीसी इंजिन 4000 आरपीएमला मिनिटाला 2600 लिटर हवा खातं. तेवढी हवा सहा पीएसआयला दाबायला अडीच किलोवॉटच्या आसपास लागतात, 12 व्होल्टवर म्हणजे 200 अँपिअरच्या वर. त्या खोक्यातून निघालेली वायर किती जाड आहे बघितलीस का, मोबाईलच्या चार्जरएवढी. तो पंखा फुल थ्रॉटलला हवा देत नाही, वाटेत उभा राहतो. मामांना म्हण तेवढ्या पैशात कार्ब्युरेटर साफ करून किट टाका, प्लग आणि एअर फिल्टर नवे घ्या, आणि तू स्वतः फिल्टरचा डबा उघडून खाली साचलेली काळी माती झटक, कपाशीच्या वेचणीनंतर त्यात मूठभर तरी निघते.