स्प्रूसच्या (सुईसारख्या पानांच्या सूचिपर्णी झाडाच्या) जाती रंगावरून ओळखता येतात का?

नाही. एवढंच लिहून थांबले असते, पण तुम्ही पुढे विचारलंय की ‘निळसर दिसला की ब्लू स्प्रूस समजायचं ना?’ नेमक्या याच समजुतीवरून माझं एकदा चांगलंच वाजलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एका वृक्षोद्यानातल्या सूचिपर्णी झाडांची नोंद करायचं काम आमच्या गटाकडे होतं. जुन्या पाट्या केव्हाच गळून गेल्या होत्या. गटप्रमुख अनुभवी, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा. एका रांगेतली सगळी निळसर झाडं त्यांनी वाटेवरूनच पाहिली आणि ‘ब्लू स्प्रूस’ म्हणून वहीत चढवायला सांगितली. मी जवळ गेले. ब्लू स्प्रूसची फांदी मुठीत धरली की टोचते म्हणजे टोचतेच, सुया इतक्या ताठ असतात. एका झाडाची फांदी मात्र खुशाल धरता येत होती, सुया वाकत होत्या. भिंग लावलं तर कोवळ्या डहाळीच्या सालीवर बारीक लव. ब्लू स्प्रूसची डहाळी सहसा गुळगुळीत असते. त्याच्या कळ्यांच्या खवल्यांची टोकं बाहेर वळलेली असतात, इथे ती कळीला चिकटून होती. खाली पडलेले शंकू (बिया धरणारी खवल्यांची बोंडं) ५ सेंटिमीटरच्या आसपास, ब्लू स्प्रूसचे ६ ते ११ पर्यंत जातात. सगळं एकाच दिशेने बोट दाखवत होतं: हा एंगलमान स्प्रूस.

मी तसं सांगितलं. ‘ती लव नाही, धूळ आहे. रंग बघ,’ असं सगळ्यांसमोर उत्तर मिळालं आणि नोंद तशीच राहिली. धूळ बोटाने पुसली जाते, लव पुसली जात नाही. हे तिथल्या तिथे करून दाखवता आलं असतं, पण भिंगातून बघायलाच कुणी तयार नव्हतं.

निळाई म्हणजे सुयांवरचा मेणाचा थर, दुसरं काही नाही. तो एंगलमानवरही असतो, व्हाइट स्प्रूसवरही असतो. उलट उत्तर अमेरिकेच्या रॉकी पर्वतातले रानातले कितीतरी ब्लू स्प्रूस सरळ हिरवे असतात. गडद निळी झाडं रोपवाटिकांनी निवडून निवडून वाढवली, म्हणून लोकांच्या डोळ्यांत तोच रंग बसलाय. रॉकीजमध्ये ब्लू आणि एंगलमान या दोन्ही जाती आहेत: ब्लू स्प्रूस जास्त करून ओढ्याकाठी, एंगलमान त्याहून उंचावर. लावलेल्या झाडाच्या बाबतीत अर्थात हा आधार उरत नाही.

बाकीच्या जातींसाठी आधी झाडाखाली वाका आणि शंकू उचला. १० ते १६ सेंटिमीटर लांब शंकू आणि खाली लोंबणाऱ्या उपफांद्या असतील तर बहुधा नॉर्वे स्प्रूस. व्हाइट स्प्रूसचे शंकू लहान, खवल्यांची कड गुळगुळीत, डहाळी बिनलवेची, आणि सुया चुरगळल्या की उग्र वास येतो. ब्लॅक स्प्रूसचे शंकू आणखी छोटे, गोलसर, वर्षानुवर्षं झाडावरच राहणारे; डहाळीवर लव आणि पायाखाली बहुतेक वेळा दलदल. सुई बोटांत फिरवून बघा. चौकोनी असेल तर फिरते. चपटी असेल आणि खालून पांढरे पट्टे असतील तर सिट्का किंवा सर्बियन. त्यातला सिट्का हाताला टोचतो, सर्बियनचा आकार अगदी निमुळता असतो. सुया जेमतेम सेंटिमीटरभर किंवा त्याहून आखूड, चकचकीत आणि बोथट असतील तर ओरिएंटल. पश्चिम हिमालयातल्या स्प्रूसच्या सुया मात्र ४-५ सेंटिमीटरपर्यंत लांब असतात, त्यामुळे त्यात घोळ होत नाही. चीनमधल्या जातींचा मोठा गोतावळा आहे, तो मी इथे काढत नाही.

मोबाइलमधल्या ओळखयंत्रांवरही माझा विश्वास नाही. लांबून काढलेल्या फोटोत रंग आणि आकार येतो, लव येत नाही. आणि कुणी वयाने किंवा हुद्द्याने मोठं आहे म्हणून त्यांनी सांगितलेलं नाव लिहू नका. नोंदीसोबत एक डहाळी आणि एक शंकू सुकवून ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाला वाद न घालता तपासता येईल.

हो, एक राहिलंच. लव चालू किंवा गेल्या वर्षीच्या डहाळीवरच बघा, जुन्या डहाळीवरची झडून जाते. क्वचित ब्लू स्प्रूसवरही थोडी सापडते, म्हणून कळी आणि शंकू सोडू नका. कॅनडाच्या पश्चिम भागात व्हाइट आणि एंगलमान यांचा, तर पूर्वेला रेड स्प्रूस आणि ब्लॅक यांचा सर्रास संकर होतो. तिथल्या झाडात दोघांच्या खुणा मिसळलेल्या दिसल्या तर जबरदस्तीने एक नाव चिकटवू नका, संकर म्हणूनच लिहा.