नवी लेन्स आली, आता जुनीचं काय?

प्रश्न : लग्नाची कामं करतो. सोनीची २४-७० एफ/२.८ जी मास्टर, दुसरी आवृत्ती, वापरतो. ती विकून २८-७० एफ/२ घ्यावी का? (नाशिक)

तुमचं बरंचसं काम फ्लॅशवर चालत असेल तर नको. एफ/२.८ वरून एफ/२ वर गेलं की प्रकाश दुप्पट मिळतो, म्हणजे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, कमी तितका फोटो स्वच्छ) ६४०० चा फोटो ३२०० वर निघतो. गोरज मुहूर्त, लॉनवरचे पिवळे दिवे आणि ‘डोळ्यांवर फ्लॅश नको’ म्हणणारे गुरुजी, अशा वेळी हा फरक खरा आहे. पण ७० मिमीला, दोन मीटरवरून, एफ/२ वर फोकसची खोली जेमतेम १० सेंटिमीटर. अंतरपाट बाजूला झाला आणि नवरी अर्धं पाऊल मागे उभी असली, की दोघांपैकी एकाचाच चेहरा धारदार येणार. असा फोटो अल्बमवाले नाकारतात. मग तुम्ही आपसूक एफ/२.८ वर परत येता, आणि पैसे मात्र एफ/२ चे मोजलेले असतात.

शिवाय रुंद बाजूचे चार मिलिमीटर गेले. ऐकायला किरकोळ, पण २४ ला ८४ अंश दिसतात, २८ ला ७५. घरगुती हळदीत पाठ भिंतीला टेकलेली असते तेव्हा हे नऊ अंश आठवतात. वजनही ६९५ ग्रॅमवरून ९१८ वर जातं.

ही लेन्स खरी कामाची आहे ती ३५ आणि ५० च्या प्राइम (झूम न होणाऱ्या, एकाच मापाच्या लेन्स) अदलाबदल करताना क्षण हुकणाऱ्यांना. तुम्ही त्यातले असाल तर आधी एका लग्नापुरती भाड्याने आणा. जुनी लगेच विकू नका.

प्रश्न : ताडोबासाठी निकॉनची १८०-६०० की ६०० एफ/६.३ पीएफ? (नागपूर)

दोन्ही २०२३ च्या. आता त्यांना ताज्या म्हणता येत नाही, आणि तेच बरं. सुरुवातीचा गाजावाजा ओसरलाय, सेकंडहँड बाजारातही दिसतात.

बरेच जण एक गोष्ट विसरतात : ६०० मिमीला दोन्ही लेन्स एफ/६.३ च आहेत. महागडी पीएफ प्राइम घेतली म्हणून पहाटे सहाला एक थेंबही जास्त प्रकाश मिळणार नाही. जास्तीचे पैसे जातात ते हलकेपणासाठी, वेगवान फोकससाठी आणि कडांच्या सफाईसाठी. फेझ फ्रेनेल (नावातलं ‘पीएफ’), म्हणजे गोल खाचांच्या खास काचेमुळे, प्राइम ट्रायपॉडच्या पायासकट १४७० ग्रॅममध्ये बसते, झूम २१४० भरते. अमेरिकेत आल्या तेव्हा किमती साधारण ४८०० आणि १७०० डॉलर होत्या.

आता जिप्सीत बसा. वाघ सहसा तुमच्या सोयीच्या अंतरावर येत नाही. समोरून रस्त्याने चालत आला आणि १५ मीटरवर थांबला, तर ६०० प्राइममध्ये चेहरा मावेल, वाघ मावणार नाही. झूमवाला तोवर १८० वर जाऊन अख्खा वाघ, मागचा बांबू आणि धुळीचा लोट टिपून मोकळा झालेला असतो. वजनाचं म्हणाल तर जिप्सीत ते बीनबॅग उचलते, तुम्ही नाही. ही झूम आतल्या आत फिरते, नळी बाहेर येत नाही, त्यामुळे एप्रिल-मेच्या धुळीत जीवाला घोर कमी.

माझं मत स्पष्ट आहे : ताडोबासाठी झूम. दिवसभर पायी हिंडून, हातात धरून फक्त पक्षीच टिपायचे असतील तर प्राइम. पण तिच्या फ्रेममध्ये थेट सूर्य किंवा हेडलाइट आला तर त्याभोवती कडी उमटू शकतात, तेवढं ध्यानात ठेवा.

प्रश्न : एमटीएफ आलेख पाहून लेन्स ठरवता येते का? (पुणे)

एमटीएफ म्हणजे लेन्स किती स्पष्ट चित्र देते ते दाखवणारा, कंपनीने छापलेला आलेख. एकाच कंपनीच्या दोन लेन्स ताडून पाहायला ठीक. वेगवेगळ्या कंपन्यांचे आलेख शेजारी ठेवून वाद घालण्यात अर्थ नाही. कॅनन, निकॉनसारख्या कंपन्यांचे आलेख डिझाइनवरून गणिताने काढलेले असतात. झाइसने मात्र प्रत्यक्ष मोजलेले छापले. आलेखात डावीकडे फ्रेमचा मध्य, उजवीकडे कोपरा. दर मिलिमीटरला १० रेषांची वक्ररेषा कॉन्ट्रास्ट सांगते, ३० रेषांची बारकावे. फोकसचा वेग, फ्लेअर (समोरच्या उजेडाने पडणारे डाग), रेषांचा वाकडेपणा यांतलं काहीच त्यात नसतं.

तुमच्या हातात आलेला नग कसा आहे हेही नसतं. ते घरीच तपासा. ट्रायपॉड लावा, अपर्चर (लेन्सचं छिद्र, सर्वांत लहान एफ आकडा) पूर्ण उघडा आणि दूरची एखादी दुकानाची पाटी आळीपाळीने चारही कोपऱ्यांत ठेवून टिपा, दर वेळी तिच्यावरच फोकस करून. तीन कोपऱ्यांत अक्षरं वाचता आली आणि चौथ्यात फुटली, तर काच तिरकी बसली आहे. बदलून मागा. म्हणूनच जीएसटीचं पक्कं बिल असलेला नग घ्यावा. दुबईहून येणाऱ्या मामांकडून मागवलेला परत करायला कुठे जाणार?

प्रश्न : कॅनन आर १० आहे. नवी ४५ मिमी एफ/१.२ कशी? (कोल्हापूर, विद्यार्थी)

एफ/१.२ च्या मानाने स्वस्त आणि अवघी ३४६ ग्रॅम. २०१८ ची ५० एफ/१.२ एल ९५० ग्रॅमची होती. पण तुमच्या क्रॉप, म्हणजे आकाराने छोट्या सेन्सरवर ४५ मिमी ही ७२ मिमीइतकी अरुंद दिसते. खोलीत ग्रुप फोटो काढायचा तर दाराबाहेर जावं लागेल. एकच लेन्स घेणार असाल तर सिग्माची १८-५० एफ/२.८ घ्या. पोर्ट्रेटचीच हौस असेल तर आधी ५० एफ/१.८ वर हात बसवा.

प्रश्न : ‘वेदर सील्ड’ लेन्स कोकणातल्या पावसात बिनधास्त वापरावी का? (रत्नागिरी)

भुरभुर चालेल, धो-धो नाही. रबरी सील थेंब अडवतं, दमट हवा नाही. आणि बुरशी धरते ती दमटपणाने. नळी बाहेर येणारी झूम तर दर वेळी बाहेरची हवा आत ओढते. घरी ड्राय कॅबिनेट (आतला दमटपणा आटोक्यात ठेवणारं कपाट) ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर ठेवा. तेवढं बजेट नसेल तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि साधा आर्द्रतामापक. भिजलेली लेन्स बॅगेत कोंबू नका. समुद्रावरून आलात तर आधी ब्लोअरने वाळू उडवा, मग ओलसर मऊ कापडाने बाहेरचं मीठ पुसा.