चहाच्या किटल्या आणि पुनरुत्थान

प्रश्न : स्टॅन्ली स्पेन्सर या ब्रिटिश चित्रकाराचं ‘द रिझरेक्शन, कुकम’ बघितलं, रिझरेक्शन म्हणजे पुनरुत्थान, मेलेल्यांचं पुन्हा उठणं. गावातल्या चर्चच्या आवारात माणसं थडग्यांतून आरामात उठतायत, येशू शोधावा लागतो. हाच माणूस पुढे न्यूड चित्रं काढतो. याला धार्मिक चित्रकार का म्हणायचं? – एक वाचक

उत्तर : म्हणायचंच! कुकम हे थेम्सकाठचं त्याचं जन्मगाव, आणि स्वर्ग म्हटला की त्याला तेच दिसायचं. १९२४ ते २७ मध्ये काढलेलं हे जवळजवळ अठरा फूट रुंद चित्र नीट बघा, येशू पोर्चमध्ये बाळांना कुशीत घेऊन बसलाय, स्पेन्सरची बायको हिल्डा एकापेक्षा जास्त ठिकाणी आहे, तो स्वतःही कपड्यांशिवाय उभा आहे. म्हणजे उघडं शरीर त्याच्या धार्मिक चित्रात आधीपासूनच होतं, ते नंतर कुठून आलं नाही.

पण त्याला खरं ओळखायचं तर इंग्लंडमधल्या बर्गक्लेअर गावचं सँडहॅम मेमोरियल चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनागृह, बघायला हवं. पहिल्या महायुद्धात तो आधी ब्रिस्टलच्या लष्करी हॉस्पिटलात ऑर्डर्ली, म्हणजे मदतनीस, होता, मग बाल्कनमधल्या मॅसेडोनियाच्या आघाडीवर गेला. तिकडच्या आजाराने दगावलेल्या एका अधिकाऱ्याच्या बहिणीने आणि तिच्या नवऱ्याने हे चॅपल बांधलं, आणि १९३२ पर्यंत स्पेन्सर तिथली चित्रं काढत राबला. युद्धाचं स्मारक, पण लढाई कुठेच नाही! फरशी घासणं, चहाच्या किटल्या भरणं, अंथरुणं घालणं, ब्रेड-जॅम खाणं, एवढंच. एकात सैनिक झऱ्यावर पाण्याच्या बाटल्या भरतायत आणि त्यांचे रेनकोट पाठीवर असे पसरलेत की पंखच वाटावेत. हॉस्पिटलात असताना त्याने संत ऑगस्टिन हा जुना ख्रिस्ती विचारवंत वाचला होता, देव सतत कामात असूनही शांत असतो हा विचार त्याला तिथेच भिडला, आणि मग घासणं-पुसणंही त्याच्यासाठी पूजाच झाली. वेदीमागच्या भिंतीवर मेलेले सैनिक उठून आपापला पांढरा क्रॉस येशूकडे आणून देतायत, जसं ड्युटी संपल्यावर सामान जमा करावं.

आता न्यूड. १९३७ च्या चित्रात तो, दुसरी बायको पॅट्रिशिया आणि पुढ्यात कच्च्या मटणाची तंगडी. कातडी जशी आहे तशी, कुठेही गोड केलेली नाही. जी माया तो किटलीवर करतो तीच इथे आहे, म्हणून मला यात विसंगती दिसत नाही.

इंग्लंडला गेलात तर हे चॅपल चुकवू नका, फक्त उन्हाचा दिवस बघून जा, कारण आत दिवे नाहीत, खिडकीतून येईल तेवढाच उजेड.