कार्यालयाचं बुकिंग रद्द केलं, ॲडव्हान्स परत मिळेल का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं, मुहूर्ताला जवळजवळ चार महिने बाकी असतानाच तुम्ही मंगल कार्यालयाच्या मालकाला फोन करून सांगितलं, आणि तो पावतीच्या मागे छापलेली 'ॲडव्हान्स कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही' ही ओळ दाखवून दीड लाख रुपये द्यायला तयार नाही. शिवाय फोटोग्राफरकडे २५ हजार अडकलेत.

कार्यालयाच्या पैशांबाबत तुमची बाजू चांगली आहे. पै न पै मिळेल असा शब्द मी देणार नाही, पण मोठा भाग परत मिळायला हरकत नाही. मी एका ग्राहक मार्गदर्शन केंद्रात बसतो. लग्नसराईत अशा तक्रारी येतातच, आणि वाईट याचं वाटतं की बरेच लोक ती छापील ओळ वाचूनच हातपाय गाळतात. आधीच घरात लग्न मोडल्याचं दुःख, त्यात भांडायला कोण जाणार, असा विचार करून पैसे सोडून देतात.

ती ओळ म्हणजे कायदा नव्हे. भारतीय करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करार मोडल्यास अमुक रक्कम जप्त होईल असं लिहून घेतलं असलं, तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाईच. लिहिलेला आकडा ही त्या भरपाईची कमाल मर्यादा. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात हे अगदी स्पष्ट केलं. प्राधिकरणाने भूखंडाच्या खरेदीदाराची ७८ लाखांची बयाणा रक्कम जप्त केली होती, आणि तोच भूखंड पुढे कितीतरी जास्त भावाने विकला होता. नुकसानच झालेलं नाही, मग पैसे ठेवून कसे घेता, असा कोर्टाचा सवाल होता.

मालकाचा वकील म्हणेल की दीड लाख हा इसार, म्हणजे व्यवहार पक्का केल्याची हमी म्हणून दिलेली रक्कम होती, आणि इसार जप्त करता येतो. म्हणून पावती काढून नीट बघा. 'ॲडव्हान्स' किंवा 'एकूण भाड्यापैकी जमा' असं लिहिलेलं असेल तर तो भाड्याचाच एक हिस्सा ठरतो, आणि अशी रक्कम जप्त करण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. हा फरक सुप्रीम कोर्टाने २०१२ च्या सतीश बत्रा खटल्यात मांडलाय.

आता सगळी भिस्त एका प्रश्नावर: तुमच्यामुळे मालकाचं खरंच किती नुकसान झालं? चार महिने आधी कळवलेली तारीख, तीही चांगल्या मुहूर्ताची, सहसा रिकामी राहत नाही. आमच्याकडे आलेल्या एका वडिलांना आम्ही एवढंच सांगितलं होतं की तुमच्या मुलीच्या लग्नाची जी तारीख होती त्या दिवशी सकाळी कार्यालयावरून एक चक्कर मारा. दारात फुलांच्या कमानीखाली दुसऱ्याच वधूवरांच्या नावाचा फलक लागलेला. त्यांनी रस्त्यावरून फोटो काढला, त्यात फलकावरची तारीख आणि कार्यालयाची पाटी दोन्ही येतील असं पाहिलं. नोटिशीला जोडलेल्या त्या एका फोटोनंतर मालकाची भाषाच बदलली. तुमचीही तारीख अजून यायची आहे, तेव्हा हे विसरू नका. त्याआधी ओळखीच्या कुणाला फोन करून 'त्या दिवशी हॉल आहे का' हेही विचारता येईल. 'बुक झालाय' असं उत्तर व्हॉट्सॲपवर आलं तर उत्तमच.

तुम्ही फक्त फोनवर सांगितलंय, हा मात्र कच्चा दुवा आहे. आजच लेखी कळवा. व्हॉट्सॲप आणि ईमेल दोन्हीवर पाठवा, आणि तोच मजकूर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह. मजकूर असा असू द्या: 'अमुक तारखेला फोनवर कळवल्याप्रमाणे अमुक दिवसाचं बुकिंग रद्द केलेलं आहे. तारीख दुसऱ्याला देण्यास आमची हरकत नाही. आपला प्रत्यक्ष झालेला खर्च कागदपत्रांसह कळवावा आणि उरलेली रक्कम १५ दिवसांत परत करावी.' यातलं दुसरं वाक्य फार महत्त्वाचं आहे. 'तुमच्यासाठी तारीख अडवून ठेवली होती' हा बचाव त्याने बराचसा लंगडा पडतो. रागाचा एकही शब्द नको, उद्या हेच पत्र ग्राहक आयोगासमोर वाचलं जाणार आहे.

तो म्हणेल, दुसरी तारीख घ्या, पैसे वळते करतो. बहिणीचं लग्न पुन्हा कधी ठरेल ते माहीत नसताना हे कबूल करू नका, आणि 'पूर्ण व अंतिम' लिहिलेल्या कागदावर कमी रक्कम घेऊन सही तर अजिबात नको. जीएसटी भरून टाकला, तो कुठून आणू, असंही ऐकवतात. सेवा दिलीच नसेल तर रिफंड व्हाउचर (ॲडव्हान्स परत केल्याचा कागद) काढून तो कर जुळवून घेण्याची सोय जीएसटी कायद्यात आहे. ते काम त्याच्या सीएचं.

पंधरा दिवसांत काही झालं नाही तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. काही मालक तिथूनच फोन गेला की वाटाघाटीला येतात. नाही आले तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, कार्यालय दुसऱ्या गावात असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे, पण तेवढं थांबू नका. पावती वडिलांच्या नावावर असेल तर तक्रारदार म्हणून वडिलांचंच नाव घाला. कायद्यात निकाल तीन ते पाच महिन्यांत अपेक्षित आहे, प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

इथे एक अडचण आहे जी पुष्कळांना माहीत नसते. २०१९ च्या कायद्यात 'अनुचित करार' अशी नवी कल्पना आली. नुकसानीच्या मानाने अवाच्या सव्वा दंड लावणारी अट त्यात बसते, त्यामुळे लोक उत्साहाने तीच मागणी लिहितात. पण अनुचित कराराची तक्रार ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही, राज्य आयोगापासून वर आहे. जिल्ह्यात जायचं तर तक्रार 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' या मुद्द्यांवर मांडा, जोडीला कलम ७४ घ्या. बिल्डरच्या करारातल्या एकतर्फी अटी ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये पायोनियर अर्बनच्या प्रकरणात म्हटलंय. त्याचा आधार देता येतो.

मागताना माप ठेवा. तारीख तुमच्याकडून रद्द झाली आहे, त्यामुळे बुकिंगच्या कामाचे म्हणून थोडे पैसे कापू द्यायची तयारी पत्रातच दाखवा. आयोगापुढेही अशा तक्रारदाराचं वजन पडतं. लग्नाच्या आठ दिवस आधी रद्द केलं असतं तर मी तुम्हाला एवढ्या जोराने भांडायला सांगितलं नसतं. उलट कार्यालयानेच बुकिंग मोडलं असतं तर पूर्ण रक्कम, वर नुकसानभरपाई मागा म्हणालो असतो.

फोटोग्राफरचं थोडं वेगळं बघा. तो एकटा माणूस, एका दिवशी एकच लग्न घेतो, आणि तुमच्यासाठी कदाचित दुसरं काम नाकारलेलं असतं. चार महिन्यांत त्याला त्या तारखेचं काम मिळालं का, हे आधी नीट विचारा. मिळालं असेल तर २५ हजारांतले बहुतेक परत मागा. नसेल, तर निम्म्यावर तोडगा निघत असेल तर घ्या, आणि त्याची लेखी पावती मात्र करून घ्या.