अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू पाल्ट्झचं ज्यां हास्ब्रूकचं दगडी घर खरंच ज्यांनेच बांधलं का?

नाही, आज उभं आहे ते घर त्याच्या मुलाने, जेकबने, 1721 च्या सुमारास बांधलं आणि ज्यां तर 1714 मध्येच वारला होता. घोळ नावामुळे होतो. ज्यां हा न्यू पाल्ट्झ वसवणाऱ्या 12 फ्रेंच प्रोटेस्टंट (ह्युगनॉ) लोकांपैकी एक, त्यांनी 1677 मध्ये एसोपस या तिथल्या मूळनिवासी लोकांकडून जमीन घेतली, पुढच्या वर्षी राहायला आले, म्हणून घरही तेव्हाचंच असणार असं सगळे धरून चालले आणि जुन्या माहितीत 1690 च्या आसपासची सालं छापली गेली. नंतर तुळयांमधल्या लाकडाची वलयं मोजून बघितली तेव्हा 1721 निघालं. फक्त एक लक्षात ठेवा, वलयांवरून झाड कधी तोडलं ते कळतं, घराचं काम कधी पूर्ण झालं ते नाही, म्हणून "सुमारास" म्हटलंय.

अजून एक गंमत, मालक फ्रेंच पण घराची घडण डच आहे. आतली चूल बघा, बाजूला भिंतीच नाहीत, जमिनीवर उघडा जाळ आणि वरून धुराडं लोंबतंय 😄 आणि त्या उंच उतरत्या छपराखाली मोठा माळा, धान्य साठवायला. "हास्ब्रूकांनी बांधलं" म्हणताना हेही धरा की या घरात गुलाम म्हणून ठेवलेली आफ्रिकन माणसं राबायची, घर बघायला गेलात तर ते टूरवर विचारा नक्की.