हाफ मॅरेथॉननंतर पाय दुखतात, कॉम्प्रेशन सॉक्सने फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय की हाफ मॅरेथॉन झाली की दोन-तीन दिवस पाय आंबलेले असतात, ग्रुपमधले सगळे गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे घालतात, तर त्यात दोन हजार घालावेत का. दुखणं कमी व्हावं म्हणून घेणार असाल तर पैसे घालू नका. आमच्या घरात ह्यावरून दोन वर्षं वाद चाललाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मला धावायला लावलं माझ्या दादाने. चाळिशी उलटल्यावर, घरात कुणालाच पटत नसताना, पहाटे पाचला फोन करून उठवायचा आणि तळजाईला घेऊन जायचा, त्याचे ते उपकार मी कधी विसरणार नाही. पण त्याची काही मतं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि त्यातलं एक मोज्यांचं. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला आम्ही दोघांनी पहिल्यांदा नाव घातलं तेव्हा त्याने माझ्यासाठी बावीसशेची जोडी आणली, म्हणाला रेसमध्ये घाल आणि नंतरही दोन दिवस काढू नकोस, पायातलं सगळं लॅक्टिक ॲसिड निघून जातं.

साताऱ्याचा रूट ज्यांनी केलाय त्यांना माहितीये. पोलीस परेड ग्राउंडवरून निघायचं, समर्थ मंदिर मागे पडलं की यवतेश्वरचा घाट, मग कासच्या रस्त्यावरून वळायचं आणि आलो त्याच वाटेने खाली. सगळे चढाला घाबरतात, मीही घाबरले होते, म्हणून चढ अगदी दमाने चढले. घात केला उताराने. धुकं होतं, बारीक पाऊस होता, कडेला उभी राहून माणसं ओरडून हुरूप देत होती आणि पाय जे सुटले ते सुटलेच, घाट उतरेपर्यंत मी ब्रेक मारत, आपटत, सुसाट खाली आले. आयुष्यात इतक्या वेगात कधी धावले नव्हते. फिनिशला काहीही दुखत नव्हतं. मेडल घेतलं, मिसळ खाल्ली, पुण्याला आलो.

सोमवारी सकाळी शाळेत जायला निघाले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. पहिल्या पायरीवर पाय टाकला आणि मांडीने भारच घेतला नाही, गुडघा नुसता दुमडत गेला. शेवटी कठडा धरून, जिन्याकडे तोंड करून, उलटी एकेक पायरी उतरले. वर्गात खडू हातातून पडला तर वाकता येईना, पहिल्या बाकावरच्या मुलीला उचलून द्यायला सांगितलं. मंगळवार तर त्याहून वाईट, खुर्चीत बसताना शेवटचं वीतभर अंतर पाय सांभाळायचेच नाहीत, धप्पकन आदळायचे. आणि ह्या सगळ्या काळात मोजे पायात होते, दादाने सांगितल्याबरहुकूम. फक्त आंघोळीला काढायचे, तेव्हा पोटरीवर विणीची जाळी उमटलेली दिसायची. पण पोटऱ्या तशा ठीकच होत्या हो, ठणकत होत्या मांड्या! मोजे तर गुडघ्याच्या खालीच संपतात.

हे दादाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, अगं रक्ताभिसरण सगळ्याच पायाचं सुधारतं. गुरुवारी मी सरळ जिना उतरले तर म्हणाला, बघ, मोज्यांनी काम केलं की नाही? आता हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं आणि चौथ्या-पाचव्याला उतरतंच, मोजे घाला नाहीतर घालू नका. मग गुरुवारचं श्रेय मोज्यांना कुठून आलं?

लॅक्टिक ॲसिडचं तर कृपा करून सोडून द्या. धावल्यावर रक्तात वाढलेलं हे ॲसिड, म्हणजे लॅक्टेट, तास-दीड तासात पूर्ववत होतं, मंगळवारी दुखायला ते शिल्लक कुठे असतं? असं उशिरा येणारं दुखणं स्नायूंच्या आतल्या बारीक इजेमुळे येतं, ही कल्पना थिओडोर हफ नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने 1902 सालीच मांडली होती. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी त्याला शरीराचा भार रोखून धरायचा असतो, त्यातच तो सगळ्यात जास्त दुखावतो. चढावर दम लागतो, पण मांड्या कामातून जातात त्या उतारावर. त्यातून घोट्याशी आवळलेला मोजा काय बाहेर काढणार?

दुसऱ्या वर्षी मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे रेसच्या आधी दोन महिने दर रविवारी बोपदेव घाटात गेले, आणि चढायला नाही, उतरायला. आधी दोनच किलोमीटर उतार, मग तीन, मग पाच, छोटी पावलं टाकत. स्नायूला एकदा अशी सवय झाली की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराने तो तितका दुखावत नाही आणि हा परिणाम काही आठवडे टिकतो. दुसरी गोष्ट, रेसनंतर दोन दिवस मी मोजा फक्त उजव्या पायात घातला, डावा पाय मोकळा. आणि शिवणकामाच्या टेपने रोज संध्याकाळी दोन्ही पोटऱ्या मापून वहीत लिहिल्या. दिवसभर वर्गात उभं राहिल्यावर डावी पस्तीस सेंटिमीटर, उजवी साडेचौतीस, म्हणजे सूज उजवीकडे किंचित कमी, हे मी मान्य करते. पण दुखणं? दोन्ही पाय सारखेच, आणि मुळात मागच्या वर्षीच्या चौथाईसुद्धा नाही. सोमवारी मी जिना सरळ उतरले.

वही दाखवली तर दादा म्हणतो, एका माणसावरून काय ठरतं? बरोबर आहे, नाही ठरत. पण मग मागच्या वर्षी तूही एकाच माणसावरून ठरवलं होतंस, आणि ते माणूस मीच होते.

आता दादाच्या बाजूचंही सांगते, नाहीतर अन्याय होईल. 2015 मध्ये एक अभ्यास छापून आला, मॅरेथॉन धावलेल्या 33 जणांचा. काहींना रेसनंतर 48 तास खरे कॉम्प्रेशनचे मोजे दिले, बाकीच्यांना दिसायला तसेच पण दाब नसलेले. दोन आठवड्यांनी ट्रेडमिलवर दमेपर्यंत पळवलं तर खरे मोजेवाले रेसच्या आधीपेक्षा 2.6 टक्के जास्त टिकले आणि दुसरे 3.4 टक्के कमी. म्हणजे रेसनंतर घालण्यात काहीतरी असू शकेल. पण माणसं थोडी होती, आणि त्यात मोजली ती पळण्याची ताकद. दुखण्याचं मोजमाप अवघडच, कारण पायाला घट्ट लागतंय की नाही हे घालणाऱ्याला कळतंच, आणि दुखतंय किती हेही तोच सांगणार. बरं वाटतंय म्हणून घालणाऱ्यांशी माझं भांडण नाही. ब्रिटनची मॅरेथॉन धावपटू पॉला रॅडक्लिफ गुडघ्यापर्यंतचे मोजे घालून धावायची आणि 2003 ला लंडन मॅरेथॉनमध्ये तिने 2 तास 15 मिनिटं 25 सेकंद लावले, हे दादाचं आवडतं उदाहरण. पण मोजे घालून तिच्यासारखा सराव होत नाही, एवढंच माझं म्हणणं.

घेणारच असाल तर बुटाच्या नंबरावर घेऊ नका, घोटा आणि पोटरीचा घेर मोजून घ्या. खोक्यावर दाब लिहिलेला असतो, 15-20 किंवा 20-30 एमएमएचजी असा, तो जिथे लिहिलेलाच नाही ते नुसते लांब मोजे. नवी जोडी रेसच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. मुंग्या आल्या, बोटं गार पडली तर लगेच काढा. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झाली असेल किंवा पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालूच नका. आणि हे खरं तर मी वरच लिहायला हवं होतं, एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली, विशेषतः रेसनंतर लांबच्या प्रवासाने, तर मोजे चढवून घरी बसू नका, त्याच दिवशी दाखवा, रक्ताची गुठळी असू शकते. लघवी चहासारखी गडद झाली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दुखतंय म्हणून पाणी कमी झालेल्या अंगावर पेनकिलर घेऊ नका, किडनीवर येतं.

माझी आईसुद्धा शिक्षिका होती, तीस वर्षं फळ्यापुढे उभी राहिली. तिला व्हेरिकोज व्हेनसाठी डॉक्टरांनी असेच मोजे दिलेत, आणि संध्याकाळी तिचे पाय खरंच हलके असतात. तिचे मोजे मी रोज सकाळी स्वतः चढवून देते. म्हणून मोजे भंपक आहेत असं मी म्हणत नाही, ज्याचं काम त्याला सांगा.

तुमचे दोन हजार पेट्रोलला ठेवा आणि जवळच्या घाटात उतार करा. आणि दादा, हे वाचशीलच तू. सप्टेंबरच्या रेसला आपल्या दोघांचेही बिब, म्हणजे छातीवर लावायचे नंबर, आहेत, या वेळी एक पाय मोकळा तू ठेवायचास, वही आणि टेप मी आणते.