बॉण्ड, कोरा चेक आणि गोव्याची ड्युटी

प्रश्न: मी गडहिंग्लज तालुक्यातली. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाले आहे, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे, कोल्हापुरात आयसीयूला काम केलंय. अकरा महिन्यांपूर्वी इथल्याच एका एजन्सीत लागले. ती तीन-तीन महिन्यांसाठी पुणे, नवी मुंबई अशा ठिकाणच्या हॉस्पिटलांत नर्स पाठवते. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर दोन वर्षांचा बॉण्ड आहे, मोडला तर दीड लाख. ओरिजनल सर्टिफिकेटं आणि सही केलेला कोरा चेक त्यांच्याकडे आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पगार ३२ हजार सांगितला, हातात २४,५०० येतात. बाकीचे राहण्याचे कापले म्हणतात. आता गोव्याला जा म्हणून मागे लागलेत. तिथली नोंदणी माझ्याकडे नाही. नको म्हटलं तर ‘रजिस्ट्रेशन रद्द करतो, चेक टाकतो, घरी पोलीस येतील’ अशी भाषा. दुसरी एक एजन्सी पुण्यासाठी बोलावतेय आणि ओळखीतला एक माणूस १ लाख ८० हजारांत ओमानला नेतो म्हणतोय. मी काय करू?

उत्तर: ताई, आधी गोव्याचं बोलू. तुमच्या पत्रातला सगळ्यात भक्कम मुद्दा तोच आहे आणि तुम्ही तो एका ओळीत उरकलाय. नर्स म्हणून काम करायचं तर ज्या राज्यात रुग्ण, त्या राज्याच्या कौन्सिलकडे तुमचं नाव हवं. महाराष्ट्राच्या कौन्सिलकडून एनओसी (ना हरकत पत्र) घ्यायची, गोव्याच्या कौन्सिलकडे अर्ज करायचा, नोंद झाली की मग ड्युटी. उद्या तिथं औषधाच्या डोसवरून काही वाद झाला, तर एजन्सीचा मॅनेजर कोल्हापुरात चहा पीत बसेल आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. ‘कंपनी पाठवेल तिथे जाईन’ असं कलम तुमच्या बॉण्डमध्ये असणारच, सगळ्यांच्यात असतं. पण कायद्याला धरून नसलेलं काम त्या कलमाखाली करून घेता येत नाही. करार कायद्याचं, म्हणजे १८७२ च्या कायद्याचं कलम २३ त्याच्या आड येतं. फक्त तोंडी ‘नाही’ म्हणू नका. ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा: ‘गोवा कौन्सिलची नोंदणी झाल्यावर मी जायला तयार आहे, त्यासाठी माझी मूळ कागदपत्रं द्यावीत.’ या एका वाक्याने तुम्ही काम नाकारलेलं राहत नाही आणि कागदपत्रांची पहिली लेखी मागणीही होऊन जाते.

आता बॉण्ड. ‘असले बॉण्ड कोर्टात टिकत नाहीत’ असे मेसेज फिरत असतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं नोकरी किंवा दोन लाख रुपये ही अट योग्य ठरवली. पण ती का ठरवली हे बघा. सरकारी बँक, जाहिरात देऊन खुली भरती, मोठ्या पदावरचा अधिकारी, मधेच सोडला तर पुन्हा सगळी भरतीप्रक्रिया. तुमच्या एजन्सीने तुमच्यावर नेमकं काय खर्च केलं? जीएनएमचं शिक्षण तुमच्या घरच्यांनी केलं, आयसीयूचं काम तुम्ही आधीच शिकून आला होतात. करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई, आणि १९६३ पासून सर्वोच्च न्यायालय हेच सांगत आलंय. प्रशिक्षणाची बिलं, प्रवासखर्च, तुमच्या जागी माणूस आणायला गेलेले पैसे, असं काही एजन्सीला दाखवावं लागेल. शिवाय दोन वर्षांतले अकरा महिने तुम्ही भरलेत, तेही हिशेबात धरावे लागतील. त्यामुळे दीड लाखाचा आकडा डोक्यातून काढा. अगदीच शून्य होईल असंही मी सांगणार नाही. पुण्याला जाण्या-येण्याचा खर्च त्यांनी केला असेल आणि पावत्या असतील, तर तेवढ्यावर तडजोड करणं शहाणपणाचं.

आणि बॉण्ड कितीही कडक असला तरी त्याच्या जोरावर कोर्ट तुम्हाला कामावर उभं करू शकत नाही. वैयक्तिक सेवेचा करार जबरदस्तीने पाळायला लावता येत नाही, वाद झाला तर तो पैशांचाच. स्टॅम्पपेपरचं आणि नोटरीच्या गोल शिक्क्याचं आपल्याकडे फार दडपण घेतात. नोटरी सही तुमचीच आहे एवढंच सांगतो, आतली अट कायदेशीर आहे असं नाही.

एक गोष्ट मात्र उलट्या बाजूची. बॉण्ड चालू असताना, राजीनामा न देता दुसऱ्या एजन्सीकडून पुण्याला रुजू होऊ नका. करार सुटल्यानंतर ‘इतकी वर्षं दुसरीकडे काम करायचं नाही’ ही अट करार कायद्याच्या कलम २७ खाली रद्दबातल आहे. पण करार चालू असताना दुसरीकडे काम न करण्याची अट टिकू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच सांगितलंय. म्हणून आधी नोटीस, मग राजीनामा, मग पुणे. आणि चालू ड्युटी अर्धवट टाकून निघायचं नाही. रजिस्ट्रेशन रद्द करणं एजन्सीच्या हातात नाही, ते कौन्सिल चौकशी करून ठरवतं आणि पैशाच्या भांडणावरून ते होत नसतं. मात्र आयसीयूतला पेशंट हँडओव्हर न देता, म्हणजे पुढच्या नर्सच्या हवाली न करता सोडला, तर त्यांच्या हातात खरी तक्रार जाईल. शेवटच्या ड्युटीचा हँडओव्हर लेखी द्या आणि त्याचा फोटो ठेवा.

खरी अडचण ओरिजनल कागदांची आहे. एजन्सीचा जोर बॉण्डवर नाही, त्या कपाटातल्या फाइलवर आहे, हे त्यांनाही ठाऊक असतं. दुसऱ्याची सर्टिफिकेटं पैशांसाठी तारण म्हणून अडवून ठेवायचा अधिकार त्यांना कोणी दिलेला नाही. आम्हा वकिलांनासुद्धा फी थकली म्हणून अशिलाची कागदपत्रं अडवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली बजावलंय, मग एजन्सीची काय कथा. पत्र पाठवून १५ दिवसांची मुदत द्या, त्यात एकेका कागदाचं नाव लिहा: दहावी-बारावीची गुणपत्रकं, जीएनएमचा डिप्लोमा, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, जे जे दिलं ते. बॉण्डची प्रत तुमच्याकडे नसेल तर तीही मागा. रजिस्टर एडी आता वेगळी राहिली नाही, १ सप्टेंबर २०२५ पासून ती स्पीड पोस्टात मिसळली. पोचल्याच्या नोंदीसह स्पीड पोस्ट करा. दिले नाहीत तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. विश्वासाने दिलेली वस्तू दडपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ चा विषय होऊ शकतो. तिथं ‘हा दिवाणी मामला आहे’ असं ऐकायची तयारी ठेवा, पण अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका. पोच घेतलेल्या त्या अर्जानेच पुष्कळदा फाइल परत येते. नाही आली तर दिवाणी दावा करून कागद परत मागता येतात.

काही जणी यातून एक पळवाट काढतात: ‘सर्टिफिकेटं हरवली’ अशी पोलिसांत खोटी खबर देऊन डुप्लिकेट काढतात. तुम्ही हे करू नका. कागद कुठे आहेत हे तुम्हाला माहीत आहे, एजन्सीला माहीत आहे, आणि तुम्ही दिल्याची पावतीही असेल. हरवल्याची खोटी खबर दिलीत तर आज तक्रारदार असलेल्या तुम्ही उद्या आरोपी व्हाल.

चेकचं असं आहे. सही केलेला कोरा चेक दिला की तो देणं फेडण्यासाठीच दिला असं कायदा आधी गृहीत धरतो, आणि ते खोडायचं काम तुमच्यावर येतं. म्हणून आजच पत्रात चेकचा नंबर घालून लिहा की हा चेक रुजू होताना कोरा, तारण म्हणून घेतला आहे, त्यापोटी माझं कोणतंही देणं नाही, परत करा. मग बँकेत स्टॉप पेमेंट, म्हणजे हा चेक वटवू नका अशी सूचना द्या. नुसत्या स्टॉप पेमेंटने चेक न वटण्याच्या गुन्ह्यातून, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ मधून सुटका होत नाही, पण आधीचं पत्र हाताशी असलं तर तुमची बाजू उभी राहते. चेक परत गेलाच तर त्यांना ३० दिवसांत तुम्हाला नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून तुम्हाला १५ दिवस असतात. त्या नोटिशीला वकिलामार्फत उत्तर द्याच. पत्र घेतलं नाही म्हणजे आलं नाही, असा एक गैरसमज गावाकडं आहे. पत्ता बरोबर असेल तर नोटीस बजावली असंच धरतात. या खटल्यात पोलीस थेट दारात येत नाहीत. तक्रार कोल्हापुरात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात मॅजिस्ट्रेटपुढे होते आणि आधी समन्स येतं. समन्सला गेला नाहीत, तरच वॉरंटची वेळ येते.

पगाराबद्दल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू आहेत. वेतन संहितेनुसार राजीनामा दिल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब द्यावा लागतो. राहण्याचे पैसे कापता येतात, पण जागा खरोखर दिलेली असली पाहिजे आणि कपात तिच्या किमतीपुरतीच हवी. एका खोलीत सहा जणी आणि प्रत्येकीचे साडेसात हजार, असा प्रकार असेल तर खोलीचे फोटो आणि घरभाड्याचा आकडा मिळवून ठेवा. दर महिन्याची पगारपावती मागा. ३२ हजारांचा तो व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुरावा आहे. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. पीएफ कापत असतील तर पासबुकात जमा दिसतोय का तेही बघा.

पुण्याची एजन्सी चांगली की वाईट हे मी सांगू शकत नाही, पण तिच्याकडे काय मागायचं ते सांगतो. नेमणूकपत्र कोण देणार, एजन्सी की हॉस्पिटल? ते देणं आता मालकावर बंधनकारक आहे, आणि ज्याचं नाव त्या पत्रावर, पगाराला पहिला जबाबदार तो. करार सही करण्याआधी घरी न्यायला देतात का? जी एजन्सी ‘इथंच बसून वाचा आणि सही करा’ म्हणते तिथून मी माझ्या बहिणीला उठवून आणलं असतं. कुठलं हॉस्पिटल, कुठला वॉर्ड, रात्रपाळीला एका नर्सकडे किती पेशंट, हे कागदावर हवं. वॉर्ड सांगून आयसीयूत लावणं हा या धंद्यातला रोजचा खेळ आहे. आणि मधेच हॉस्पिटलने प्लेसमेंट रद्द केली, तर पुढची मिळेपर्यंतचा पगार कोण देणार, हे विचारा. या प्रश्नाला बहुतेक एजन्सी गडबडतात. ओरिजनल फक्त पडताळणीला दाखवायचे, ठेवायला झेरॉक्स द्यायची.

ओमानच्या माणसाकडे आत्ता पासपोर्ट देऊ नका. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवायला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. ती सरकारच्या इमायग्रेट पोर्टलवर नावानिशी तपासता येते. सेवाशुल्काची कायदेशीर मर्यादा ३० हजार आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये. १ लाख ८० हजारांत बाकीचं काय आहे ते त्याला विचारा आणि बँकेतून पैसे घेऊन पावती देतो का तेही बघा. नर्सेससाठी नियम आणखी कडक आहेत. ओमानसह १८ देशांत नर्स म्हणून जायचं तर २०१५ पासून, तुमचा पासपोर्ट ईसीएनआर (एरवी परदेशी नोकरीला अशी परवानगी न लागणारा) असला तरी, सरकारची परवानगी लागते. ही भरती सुरुवातीला केरळ सरकारच्या नॉर्का रूट्स आणि ओडेपेक या संस्थांपुरतीच ठेवली होती, नंतर यादी वाढत गेली. तेव्हा नुसती ‘आमची नोंदणी आहे’ पुरेशी नाही, नर्स पाठवायची मुभा आहे का हे विचारायचं. ‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथं बदलून देऊ’ असं म्हणाला तर पुढचं बोलणंच थांबवा.

वकिलाच्या खर्चाची काळजी असेल तर कसबा बावड्यातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. जाताना बॉण्डचे फोटो, पगार जमा झाल्याचं बँकेचं स्टेटमेंट आणि त्या चेकचा नंबर घेऊन जा.